वेबमेल का बंद पडते? दारावरच्या नोंदीविषयी थोडेसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा, ग्रंथालये, पतसंस्था यांनी स्वतःचा मेल सर्व्हर चालवावा की नाही, हा विषय निघाला की बहुतेकांचे उत्तर ‘कशाला ती डोकेदुखी’ असेच असते. मी एका शिक्षणसंस्थेच्या संगणक प्रयोगशाळेत साहाय्यक होतो आणि निवृत्तीनंतरही तिच्या मेल सर्व्हरची देखभाल विनामोबदला करतो, त्यामुळे डोकेदुखी होते हे मी नाकारणार नाही. मात्र तिचा मोठा भाग मेल सर्व्हरमुळे होत नसून त्याच्यापुढे उभ्या केलेल्या मध्यस्थामुळे होतो, आणि हे ठाऊक नसल्याने संस्था नको त्या ठिकाणी पैसा घालतात, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र.

आमच्या संस्थेकडे इंटरनेटचा कायमस्वरूपी पत्ता एकच आहे. त्या एका पत्त्यावर संस्थेचे संकेतस्थळ, ग्रंथालयाची ‘कोहा’ ही सूची आणि ‘राउंडक्यूब’ हे वेबमेल, म्हणजे ब्राउझरमधून ईमेल पाहण्याची सोय, अशा तीन गोष्टी चालवायच्या होत्या. म्हणून वार्षिक देखभालीचे कंत्राट असलेल्या संगणक सेवा पुरवठादाराने सर्वांत पुढे ‘एनजिनएक्स’ हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर बसवले आणि त्याला रिव्हर्स प्रॉक्सीचे काम दिले. कल्पना उत्तम होती. पण बदल झाल्यानंतरच्या पहिल्याच प्रवेशाच्या हंगामात वेबमेल कधी उघडेना, कधी उघडून आत घेईना, कधी जोडपत्र स्वीकारेना. पुरवठादाराचे निदान एका वाक्यात आले: सर्व्हर जुना झाला, बदलावा लागेल. सोबत दरपत्रकही आले.

रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे काय, हे सरकारी कचेरीत गेलेल्या कोणालाही बारनिशीच्या टेबलावरून चटकन कळेल. बाहेरचा अर्जदार थेट साहेबांपर्यंत जात नाही. अर्ज बारनिशीत घेतला जातो, त्यावर आवक क्रमांक पडतो आणि तो आत जातो. हा अर्ज कोणी आणला, कधी आणला, बंद पाकिटातून आला की उघडा आला, हे बारनिशीने लिहिले नाही, तर आतल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने कचेरीतला प्रत्येक अर्ज बारनिशीच्या कारकुनानेच केलेला असतो. वेबमेलचे नेमके असेच होते. एनजिनएक्सला स्पष्ट सांगितल्याखेरीज तो मूळ ग्राहकाचा पत्ता आणि जोडणीचा प्रकार आत कळवत नाही, आणि ज्या हेडरांतून, म्हणजे विनंतीला जोडलेल्या माहितीच्या ओळींतून, हे कळवायचे ती ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’, ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ ही नावे केवळ वहिवाटीने रूढ झालेली आहेत. या कामासाठी ‘फॉरवर्डेड’ नावाचे प्रमाणित हेडर २०१४ साली आले. वहिवाट मात्र जुनीच चालू राहिली.

आमचा पहिला बिघाड याच न लिहिलेल्या नोंदीचा होता. पत्ता टाकला की ब्राउझर काही क्षण गरगरत असे आणि पान आपल्याला पुन्हा पुन्हा दुसरीकडे पाठवत असल्याची तक्रार करून थांबत असे. घडत असे ते असे: ग्राहकाकडून आलेली सुरक्षित जोडणी प्रॉक्सीवर संपत होती आणि तिथून आत साध्या एचटीटीपीने, म्हणजे कूटबद्ध नसलेल्या मार्गाने, विनंती जात होती. राउंडक्यूबमध्ये ‘फोर्स एचटीटीपीएस’ चालू होते, त्यामुळे समोर आलेली साधी विनंती पाहून तो ‘सुरक्षित मार्गाने या’ असे सांगे. ब्राउझर सुरक्षित मार्गानेच परत येई, प्रॉक्सी पुन्हा साधी विनंती आत पाठवी, आणि वीसेक फेऱ्यांनंतर ब्राउझर नाद सोडी. पुरवठादाराच्या माणसाने फोर्स एचटीटीपीएस बंद केले. फेऱ्या थांबल्या, सगळे खूश झाले, पण हा उपाय मला अजिबात मान्य नाही. राउंडक्यूब अजूनही स्वतःला असुरक्षित जोडणीवर समजत होता, आणि त्या समजुतीमुळे लॉगिन लक्षात ठेवणारी सेशनची कुकी ‘फक्त सुरक्षित मार्गानेच पाठवावी’ या खुणेशिवाय बाहेर जात होती. खरा उपाय दोन ओळींचा आहे. एनजिनएक्सच्या बाजूला प्रोटोचे हेडर पाठवायचे आणि राउंडक्यूबच्या ‘प्रॉक्सी व्हाइटलिस्ट’मध्ये प्रॉक्सीचा पत्ता लिहायचा. दुसरी ओळ विसरली तर पहिलीचा उपयोग होत नाही, कारण यादीत नसलेल्या कोणी सांगितलेल्या गोष्टीवर राउंडक्यूब विश्वास ठेवत नाही. तसे त्याने करूही नये; हेडर कोणालाही हवे ते लिहून पाठवता येते.

जोडपत्रांची तक्रार अधिक बोलकी होती. लिपिकाने दाखल्यांची स्कॅन केलेली फाइल जोडायला घ्यावी, पडद्यावर ‘कमाल २ एमबी’ असे स्पष्ट लिहिलेले असावे, फाइल दीड एमबीची असावी, आणि तरीही ती जाऊ नये. त्याने ती चार वेळा पुन्हा स्कॅन केली, एकदा काळ्या-पांढऱ्यातही केली. पडद्यावरचा आकडा खोटा नव्हता, पण तो राउंडक्यूबला माहीत असलेला आकडा होता. राउंडक्यूब ज्या भाषेत लिहिलेला आहे त्या पीएचपीला तो आपली मर्यादा विचारतो, आणि पीएचपीची मूळ मांडणी एका फाइलला २ एमबी आणि संपूर्ण विनंतीला ८ एमबी अशी असते. त्याच्या पुढे उभ्या असलेल्या एनजिनएक्सची ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइझ’ ही मर्यादा कोणी न बदलल्यास १ एमबी असते. म्हणजे आतला अधिकारी दोन एमबी घ्यायला तयार आहे, पण बारनिशी एका एमबीवरच्या अर्जाला दारातूनच परत पाठवते, आणि आतल्याला तो आला होता हेही कळत नाही. अशा वेळी प्रॉक्सीच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, ४१३ (‘विनंती फार मोठी’) हा आकडा दिसतो. राउंडक्यूबचा लॉग कोरा असतो. कोरा लॉग हाही पुरावा असतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

एनजिनएक्सची मर्यादा वाढवली, पीएचपीची वाढवली, आणि आठ एमबीची फाइल छान चढली. मग ‘पाठवा’ दाबल्यावर अडली. आता तिसरा दरवाजा आला होता. मेल पुढे धाडणारा ‘पोस्टफिक्स’ मुळात १,०२,४०,००० बाइटपर्यंतचेच पत्र घेतो, आणि ही मर्यादा जोडपत्राला नसून संपूर्ण पत्राला असते. ईमेलमधून फाइल जाताना ती बेस-६४ पद्धतीने अक्षरांत लिहिली जाते, दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात, शिवाय ओळींचे शेवट वेगळे. त्यामुळे दहा एमबीच्या पत्रात जेमतेम साडेसात एमबीची फाइल मावते. म्हणून ‘आमच्याकडे अमुक एमबीची मर्यादा आहे’ असे सांगताना कोणत्या दरवाज्याची, हे विचारणे भाग आहे, आणि तिन्ही आकडे ठरवताना मागून पुढे यावे: आधी पोस्टफिक्सचा ठरवावा, मग त्याच्या सुमारे पाऊणपट पीएचपीचा, आणि प्रॉक्सीचा पीएचपीपेक्षा थोडा सैल. नकार द्यायचाच असेल तर तो राउंडक्यूबने द्यावा, कारण निदान तो माणसाला कळेल असे वाक्य दाखवतो.

यानंतरचा बिघाड मात्र मला तीन आठवडे पुरला. सकाळी साडेदहाच्या सुमारास, म्हणजे कार्यालय भरताच, सर्वांचेच वेबमेल बंद पडे. वापरनाव-पासवर्ड बरोबर असूनही मेल साठवणाऱ्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही, असा संदेश येई. पुरवठादाराला फोन जाई, त्याचा माणूस दुचाकीवर बसून निघे, आणि तो पोचेपर्यंत सगळे सुरळीत चालू असे. त्याने प्रत्येक वेळी एकदा सर्व्हर बंद करून चालू केला आणि भेटीचे शुल्क लावले. यात त्याची लबाडी होती असे मी म्हणणार नाही. त्याला खरोखरच काही दिसत नव्हते.

आमचे वेबमेल एका यंत्रावर आहे, तर पोस्टफिक्स आणि आलेले मेल साठवून वाचायला देणारा ‘डव्हकॉट’ दुसऱ्या यंत्रावर. या दुसऱ्या यंत्रावर ‘फेल-टू-बॅन’ नावाची राखण होती. दहा मिनिटांत एकाच पत्त्यावरून पाच वेळा चुकीचा पासवर्ड आला की तो पत्ता दहा मिनिटांसाठी बंद करायचा, अशी तिची मूळ मांडणी असते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी की वेबमेल स्वतःही मध्यस्थच आहे. शंभर शिक्षक शंभर ठिकाणांहून आत आले, तरी डव्हकॉटला ते सगळे एकाच पत्त्यावरून, म्हणजे वेबमेलच्या यंत्रावरून आलेले दिसतात. सुट्टीनंतर पासवर्ड विसरलेल्या दोन शिक्षकांनी सकाळी मिळून पाच चुका केल्या, की राखणदार वेबमेलचाच पत्ता बंद करी, आणि अख्खी संस्था दहा मिनिटे बाहेर. दहा मिनिटे झाली की दार आपोआप उघडे. दुचाकीस्वाराला यायला पंधरा लागत.

फेल-टू-बॅन नसते तरी त्रास चुकला नसता, हे पुढे कळले. चुकीचे पासवर्ड येणाऱ्या पत्त्याला डव्हकॉट स्वतःच थोपवून धरतो, आणि ही थोपवणूक वाढत वाढत पंधरा सेकंदांपर्यंत जाते. ज्या पत्त्यावरून चूक झाली त्याच पत्त्यावरून इतर सगळे येत असतील, तर एकाच्या विसराळूपणाची शिक्षा सर्वांना मिळते आणि ‘सर्व्हर संथ झाला’ अशी ओरड होते. यावर डव्हकॉटमध्ये ‘लॉगिन ट्रस्टेड नेटवर्क्स’ अशी सोय आहे. तिथे वेबमेलच्या यंत्राचा पत्ता लिहिला, की थोपवणूक थांबते, आणि वेबमेलने कळवलेला मूळ ग्राहकाचा पत्ता डव्हकॉट आपल्या लॉगमध्ये नोंदवतो. तो कळवण्यासाठी राउंडक्यूबला एक छोटे प्लगइन जोडावे लागते.

इथेच घाईने एक चूक होते, तीही सांगून ठेवतो. बरेच जण फेल-टू-बॅनच्या दुर्लक्ष-यादीत वेबमेलचा पत्ता घालतात आणि निश्चिंत होतात. त्यामुळे संस्था बाहेर पडत नाही हे खरे, पण आता वेबमेलच्या पानावर बसून कोणीही कितीही पासवर्ड आजमावू शकतो, आणि त्याला अडवणारे कोणी उरत नाही. राखण काढायची नसून हलवायची असते. ती प्रॉक्सीच्या यंत्रावर बसवावी, कारण खरा पत्ता सर्वांत आधी त्यालाच दिसतो, आणि तिने राउंडक्यूबच्या फसलेल्या लॉगिनांची नोंद वाचावी, जिच्यात तोपर्यंत खरा पत्ता येऊ लागलेला असतो.

हा पत्त्याचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, निगमित संस्था आणि शासकीय कार्यालये यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत. १८० दिवसांचे लॉग निष्ठेने जपले आणि त्यातल्या प्रत्येक ओळीत प्रॉक्सीचाच पत्ता असला, तर ते लॉग कोणाच्या काय कामाचे? त्याच निर्देशांत यंत्रांची घड्याळे जुळती ठेवण्याचेही कलम आहे, आणि त्याचे महत्त्व मला साडेदहाच्या बिघाडाने शिकवले. मेलचे यंत्र भारतीय वेळेवर होते आणि डॉकरच्या कंटेनरमधले (यंत्रातल्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यातले) राउंडक्यूब जागतिक प्रमाणवेळेवर. मी दोन दिवस राउंडक्यूबच्या लॉगमध्ये साडेदहा शोधत होतो. नोंद पाचला पडलेली होती.

उरलेले बिघाड थोडक्यात सांगतो. पडद्यावर दिसणारा ५०२ हा त्रुटिक्रमांक म्हणजे प्रॉक्सी जिवंत आहे पण मागे कोणी भेटत नाही. कंटेनर नव्याने सुरू होऊन त्याचा आतला पत्ता बदलला असेल आणि एनजिनएक्स जुनाच पत्ता धरून बसला असेल, तर त्याला रीलोड केल्यावर हे जाते. ५०४ म्हणजे मागचा भेटला पण ६० सेकंदांत उत्तर देऊ शकला नाही. मोठ्या टपालपेटीत मजकुराचा शोध घेताना असे होते. लॉगिनचे पान रंगरूपाविना, नुसत्या अक्षरांचे दिसत असेल, तर वेबमेल उपमार्गावर ठेवताना प्रॉक्सीच्या पत्त्यामागची एक तिरकी रेघ बहुधा राहिलेली किंवा जादा झालेली असते. आणि कंटेनरमध्ये ‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘हेच यंत्र’, लिहिले की तो स्वतःलाच शोधत बसतो, मेलच्या यंत्राला नाही. याने चांगले चांगले फसतात.

सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राचे प्रकरण थोडे वेगळे आहे, कारण तिथे पुढचे कुलूप शाबूत दिसते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ची मोफत प्रमाणपत्रे डिसेंबर २०१५ पासून सर्वांना खुली झाली. आम्ही वापरतो ती ९० दिवसांची असतात. प्रॉक्सीवरचे प्रमाणपत्र आपोआप नवे होत होते, परंतु मेलच्या यंत्रावर, ९९३ क्रमांकाच्या पोर्टवर (मेल वाचण्याच्या सुरक्षित दारावर), डव्हकॉट जुनेच दाखवत होता; नवी प्रत तिथे पोचली होती, पण ती वाचायला त्याला कोणी सांगितले नव्हते. ब्राउझरमध्ये सारे ठीक, आणि वेबमेलला आत प्रवेश नाही. इंटरनेटवर याचा उपाय म्हणून प्रमाणपत्राची पडताळणीच बंद करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नये. नवी प्रत आली की डव्हकॉट आणि पोस्टफिक्स रीलोड होतील, एवढी एक ओळ नूतनीकरणाच्या आज्ञेला जोडली की पुरते.

पत्राची लांबी वाढली याची जाणीव आहे, म्हणून शोध घेण्याच्या क्रमाविषयी एवढेच लिहितो. ग्राहकापासून आत जाऊ नये, आतून बाहेर यावे. प्रथम मेलच्या यंत्रावर बसून लॉगिन होते का पाहावे. मग वेबमेलच्या यंत्रावरून ९९३ पोर्टला ‘ओपनएसएसएल’ या आज्ञेने जोडून पाहावे. नंतर प्रॉक्सीच्या यंत्रावरून ‘कर्ल’ या आज्ञेने वेबमेलचे पान मागावे, आणि ब्राउझर सर्वांत शेवटी उघडावा. जिथे उत्तर बदलते तिथे बिघाड असतो. त्या वेळी तिन्ही यंत्रांचे लॉग शेजारी शेजारी उघडे असावेत. यात नवा सर्व्हर घेण्याची पायरी कुठेच येत नाही.

स्वतःचा मेल सर्व्हर ठेवण्याच्या मी बाजूने असलो, तरी प्रत्येकाने ठेवावा असे मात्र म्हणणार नाही. जून २०२५ मध्ये राउंडक्यूबची १.६.११ आणि १.५.१० ही सुधारित आवृत्ती आली. तिने बुजवलेली त्रुटी जवळजवळ दहा वर्षे प्रणालीत पडून होती, आणि कोणाही एका वापरकर्त्याचा पासवर्ड हाती असलेल्याला तिच्यातून सर्व्हरवर आज्ञा चालवता येत होत्या. पुढे प्रॉक्सी आहे म्हणून अशा त्रुटीपासून आपोआप संरक्षण मिळत नाही. प्रॉक्सी ती विनंती इमानाने आत पोचवतो. अशी सुधारणा आल्याच्या दोन-चार दिवसांत ती बसवणारा माणूस ज्या संस्थेकडे नाही, तिने मेल दुसऱ्याकडे सोपवलेला बरा.

ज्यांच्याकडे तो माणूस आहे, किंवा जे कंत्राटदाराकडून हे काम करून घेतात, त्या संस्थांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे की देखभालीच्या करारात पुढील बाबी लिहून घ्याव्यात: प्रॉक्सी, वेबमेल आणि मेल या तिन्हींच्या मांडणीच्या फाइलींची प्रत संस्थेच्या कार्यालयात राहील, तिन्ही लॉग संस्थेच्या माणसाला वाचता येतील, आणि दुरुस्तीच्या प्रत्येक बिलासोबत लॉगमधील ती ओळ जोडली जाईल, जिच्यावरून निदान केले. आमच्या संस्थेने यंदा करार याच अटींवर केला. शेवटच्या अटीला पुरवठादाराने सुरुवातीला हरकत घेतली होती, पण गेल्या तीन महिन्यांत त्याच्याकडून आलेल्या दोन्ही बिलांना तशी ओळ जोडलेली आहे, आणि दोन्ही वेळा निदान बरोबर होते. नव्या सर्व्हरचे दरपत्रक अजून फाइलीत आहे.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, कराड